तालीम आधी की विहीर?

एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. ते थोडं आटपून देते.

"बाई, मी तासगाव तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये नववीला मराठी शिकवते. वर्गाचा पट 41. दिवाळीआधी आमचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. 'विचार करत वाचन' कसं घ्यायचं ते त्यात सांगितलं आणि पाच रकान्यांचा एक तक्ता दिला : अंदाज, मला पडलेला प्रश्न, माझ्या आयुष्याशी संबंध, मनात आलेलं चित्र, सारांश. मी हौसेनं ऑफ तासाला मिलिंद बोकिलांची 'शाळा' मोठ्यानं वाचायला घेतली आणि दर वेळी तक्ता भरून घ्यायला लागले. पहिले दोन आठवडे झकास गेले. आता मुलं एकमेकांचं बघून तक्ता भरतात. 'मला प्रश्न पडला की पुढे काय होईल?' हे एकच वाक्य 26 वह्यांत सापडलं. एका मुलीनं आयुष्याच्या रकान्यात लिहिलं, 'माझ्या आयुष्यात असे काही नाही.' तिच्या मोठ्या बहिणीची शाळा दहावीनंतर सुटली आणि लगेच लग्न झालं, हे मला माहीत आहे. त्यातच एका मुलाचे वडील येऊन गेले. बागायतदार आहेत. म्हणाले, 'नववीच्या पोरांना लव्हस्टोरी वाचून दाखवता होय, मॅडम?' हेडसर म्हणतात अभ्यासक्रम संपवा, उगाच ताप नको. पुस्तक सध्या कपाटात आहे. तक्ता बंद करू, कादंबरी बंद करू, की दोन्ही?"

मॅडम,

(आम्हाला मुलं बाई म्हणायची. तुमच्या पिढीच्या मॅडम झाल्या, म्हणून मीही मॅडमच म्हणते.)

तक्ता बंद करा, आणि तो आजच करा. कादंबरी कपाटातून काढा, पण ती लगेच वर्गात नेऊ नका. तिला आधी दुसऱ्या एका घरी जाऊन यायचंय. त्याबद्दल शेवटी लिहिते.

तक्त्यावर माझा राग नाही. तो ज्या कामातून निघाला ते काम चांगलं होतं. 1984 साली ॲनमेरी पॅलिंक्सार आणि ॲन ब्राउन या दोन अमेरिकन संशोधक बाईंनी सातवीच्या काही मुलांबरोबर एक प्रयोग मांडला. ही मुलं अक्षरं नीट वाचायची, पण वाचलेलं त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं. आपल्याकडं असली मुलं दर वर्गात असतात. धडा खणखणीत वाचतील आणि काय वाचलं विचारलं की छताकडं बघतील. त्या दोघींनी चार गोष्टी धरल्या : पुढचा अंदाज बांधणं, प्रश्न काढणं, अडलेलं सोडवून घेणं आणि थोडक्यात सांगणं. छोट्या गटात शिक्षक हे आधी स्वतः बोलून दाखवायचा, मग पाळीपाळीनं एकेक मूल शिक्षकाच्या जागी बसायचं आणि बाकीच्यांना प्रश्न विचारायचं. सगळा जीव त्या बोलण्यात होता. तुमच्यापर्यंत येता येता बोलणं गळून पडलं आणि रकाने तेवढे उरले. प्रशिक्षणात असं नेहमी होतं. दोन दिवसांत वाटायला कागद सोपा पडतो.

आणि मुलं हुशार असतात. रकाना दिसला की तो भरायचा असतो, भरला की बाई सही करतात, हे ती पहिलीपासून शिकलेली आहेत. कृतिपत्रिकेतल्या, म्हणजे परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेतल्या, 'स्वमत'चं काय झालं ते तुम्ही बघताच आहात. मुलानं स्वतःचं मत लिहावं म्हणून तो प्रश्न आला. वर्षभरात गाईडमध्ये तयार स्वमत आलं. आता मुलं स्वमत पाठ करतात! मी निवृत्त होण्याच्या आदल्या वर्षी एकाच ओळीतल्या नऊ उत्तरपत्रिकांत 'माझ्या मते'नंतर शब्दन् शब्द सारखा असलेला मजकूर तपासला आहे. नऊ जणांचं मत एक, आणि त्यातली शुद्धलेखनाची चूकही एक.

मग करायचं काय? माझ्यापाशी त्यासाठी एकच गोष्ट आहे आणि ती मी फार उशिरा शिकले. ज्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला आधीच माहीत आहे, तो प्रश्न गोष्टीच्या तासाला विचारू नका.

माझी फजिती सांगते. नव्वदीच्या दशकात मी माण तालुक्यातल्या एका शाळेत आठवीला होते. ग्रंथालयाच्या पेटीत व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' होती, पाठीवरचं कापड निघालेली प्रत. तुम्ही वाचली असेलच. कोवळ्या वयाचा मास्तर धनगरांच्या वाडीवर नेमणुकीला जातो, हळूहळू वाडीचा होतो, सगळ्यांना कामाला लावून तालीम बांधतो, आणि मग दुष्काळ पडतो आणि वाडी उठून जाते. 1955 सालची कादंबरी, माणदेशातली, आणि माझ्या वर्गात निम्मी मुलं मेंढरांच्या घरची. मी रोज दहा मिनिटं वाचायचे. संपली तेव्हा वर्ग गप्प होता. मी वहीत आधीच लिहून आणलेला प्रश्न विचारला, "मास्तरांच्या स्वभावाची वैशिष्ट्ये सांगा." त्याची पाच उत्तरं मागच्या पानावर माझ्याच अक्षरात तयार होती.

मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. कधी न बोलणारा. म्हणाला, "बाई, पाणी न्हवतं तर तालीम कशाला बांधली? हीर खांदायची की."

मी म्हणाले, "ते परीक्षेत येत नाही. खाली बस."

तो बसला. त्याच्या वस्तीवर तेव्हा टँकरची वाट बघत घागरी रांगेत लागायच्या. वर्षभर तो पुन्हा काही बोलला नाही, आणि मला त्याचं काही वाटलंही नाही, कारण मला माझी पाच वैशिष्ट्यं मिळाली होती. मास्तर कष्टाळू, मास्तर प्रामाणिक, वगैरे. बऱ्याच वर्षांनी, दुसऱ्या शाळेत तेच पुस्तक वाचताना माझ्या डोक्यात लख्ख पडलं की त्या पोरानं कादंबरीतला सगळ्यात अवघड प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर मला आजही येत नाही.

तेव्हापासून मी तो वर्गाला विचारत आले. पद्धत साधी. वही बंद, पेन खाली. फळ्यावर एकच ओळ : तालीम आधी की विहीर? ज्यांना तालीम बरोबर वाटते त्यांनी दाराकडच्या भिंतीला जायचं, विहीरवाल्यांनी खिडकीकडं. मधे उभं राहायला परवानगी आहे, पण का ते सांगावं लागेल. बोलता बोलता मत बदललं तर उठून पलीकडं जायचं, कुणी हसायचं नाही. 41 मुलांचे गट पाडून गोल बसवायला आपल्या वर्गात जागा नसते. भिंती मात्र असतात.

काय काय ऐकलं मी! एक मुलगी म्हणाली, पाऊसच नाही तर विहिरीला पाणी कुठून लागणार, हीर खांदली असती तरी वाडी उठलीच असती. एक जण म्हणाला, तालमीमुळं माणसं एकत्र आली, नुसतं पाण्यासाठी आली असती तर भांडली असती. खटावच्या शाळेतल्या एका पोरानं तर मला गार केलं. गोष्ट औंध संस्थानातली, आणि औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचे मोठे पुरस्कर्ते, हे त्याला औंधच्या यात्रेला जाऊन जाऊन माहीत. तो म्हणाला, "बाई, राजा व्यायामवाला. तालमीला आला. हिरीला आला असता का?" साहेबाला काय आवडतं ते बघून गावाला काय मिळतं, हे त्याला तेराव्या वर्षी दिसलं होतं. मी आयुष्यभर केंद्रप्रमुखांच्या भेटीआधी शाळा रंगवत आले, त्यामुळं मला ते फारच लागलं.

आता तुमचे पाच रकाने इथं कुठं आहेत ते बघा. अंदाज आहे, प्रश्न आहे, स्वतःच्या गावाशी जोडणी आहे. मुलांना त्यांची नावं माहीत नाहीत, इतकंच. मी एकच शब्द घालायचे, "कशावरून?" मुलानं काहीही सांगितलं की कशावरून. पुस्तकात कुठं आहे, दाखव. सापडत नसेल तर मग ते तुझ्या मनातलं आहे, तेही चालेल, पण दोन्हीतला फरक सांग. महिनाभरात मुलं एकमेकांना कशावरून विचारायला लागतात. घरीही विचारतात आणि मार खातात, असं एका आईनं मला आठवडी बाजारात ऐकवलं होतं.

प्रश्न विचारल्यावर गप्प बसा. हे सगळ्यात अवघड आहे. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी सत्तरच्या दशकात वर्गांतल्या बोलण्याचा अभ्यास केला होता. शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम सेकंदभर थांबतात आणि मग स्वतःच बोलतात किंवा दुसऱ्याला उठवतात, असं त्यात दिसलं. तोच वेळ तीन सेकंदांवर नेला तर उत्तरं लांबतात आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलतात. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटेल. उद्या वर्गात मोजून बघा. घसा कोरडा पडतो. मी पदराच्या टोकाला गाठ मारत बसायचे, म्हणजे तोंड बंद राहायचं.

आणि स्वतःचं अडणं मुलांना दिसू द्या. वाचता वाचता मधेच थांबा आणि खरंच कळलं नसेल तिथं म्हणा, "थांबा हं, हा असं का बोलला? मला वाटलं होतं हा चिडेल." मागचं पान उलटा, पुन्हा वाचा. मॅडमला कळत नाही हे बघून मुलं सावरून बसतात. मात्र खोटं अडू नका. मुलांना ते ताबडतोब कळतं आणि मग तुमचं नाटक डबा खाताना वठवून दाखवलं जातं.

आता त्या मुलीकडं येते. तुमच्या पत्रातलं तेच वाक्य माझ्याबरोबर दोन दिवस राहिलं.

"माझ्या आयुष्यात असे काही नाही." मॅडम, तिच्या आयुष्यात ते सगळं आहे, म्हणून तिनं असं लिहिलं असावं. घरात थोरलीचं काय झालं ते ती रोज बघते. पुढचा नंबर आपला आहे का, हा तिचा प्रश्न असणार. तो तिनं वहीच्या रकान्यात लिहावा, त्याखाली तुम्ही लाल पेननं सही करावी, आणि वही तपासायला हेडसरांच्या टेबलावर जावी? तिनं फार शहाणपणानं दार लावून घेतलं आहे. 'आयुष्याशी संबंध जोडा' ही सूचना चांगल्या घरच्या मुलांना गंमत वाटते. बाकीच्यांना ती झडती वाटू शकते.

गोष्टीचा उपयोग इथंच असतो. पात्राबद्दल बोलताना कुणाला स्वतःबद्दल बोलावं लागत नाही. 'शाळा'मधल्या मुकुंदला नरूमामा आहे, ज्याच्याशी तो मोकळेपणानं बोलू शकतो. वर्गाला विचारा, मुकुंदला नरूमामा नसता तर तो कुणाकडं गेला असता? आणि ह्या गोष्टीतल्या मुलींना असा कुणी आहे का? मुलींचं मन आपल्याला मुकुंदच्याच डोळ्यांनी दिसतं, त्यांनी स्वतः ही गोष्ट सांगितली असती तर कुठून सुरू केली असती? या प्रश्नांची उत्तरं माझ्याकडं नाहीत. तुमच्याकडंही नसतील. ती मुलगी कदाचित तेव्हाही बोलणार नाही. ऐकेल मात्र. वर्गात ती ऐकतेय एवढं तुम्हाला ठाऊक असलं की पुरे, तिच्याकडं वळून बघूही नका.

एक गोष्ट मात्र गोष्टीवर सोडून भागणार नाही. तिच्या लग्नाचं बोलणं 18 वर्षांच्या आत चाललंय असं कळलं, तर तो साहित्याचा तास उरत नाही. मुलीला एकटीला विश्वासात घ्या, हेडसरांना सांगा, आणि 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक शाळेच्या भिंतीवर सगळ्यांना दिसेल असा लावा. ग्रामसेवक (आता त्याला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) हा गावपातळीवरचा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, हेही माहीत असू द्या. तिची वही यासाठी पुरावा म्हणून कुणाला दाखवू नका.

हेडसरांचं म्हणाल तर त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांच्या जागी मी तीन वर्षं बसले आहे, तिथून वर्ग दिसत नाही, नुसती पत्रकं दिसतात. कुमारभारतीत, म्हणजे मराठीच्या पाठ्यपुस्तकात, स्थूलवाचन आहे. स्वमत आणि अभिव्यक्तीला गुण आहेत. भिंतींच्या तासानंतर मुलांना पाच ओळी लिहायला सांगा : मी कुठल्या भिंतीला होतो, का, आणि कुणाचं ऐकून हललो. त्यातल्या चार वह्या हेडसरांपुढं ठेवा, आधीच्या तक्त्यांच्या शेजारी. फाइलीला तक्ता लागतोच असं म्हणाले तर महिन्याला एकदा भरून द्या, त्यानं कुणाचं काही बिघडत नाही.

आता 'शाळा' वर्गात परत येईपर्यंत वाचायचं काय? प्रकाश नारायण संतांचा 'वनवास' घ्या. आजी-आजोबांकडं राहणाऱ्या लंपनच्या गोष्टी आहेत, एकेक सुटी वाचता येते. संत कराडच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे, म्हणजे आपल्या शेजारचेच. लंपनच्या बोलण्यात बेळगावकडचे कानडी शब्द सहज येतात. जतकडून आलेलं एखादं मूल तुमच्या वर्गात असेल तर त्यालाच अर्थ विचारा. माझ्या वर्गात अशी एक मुलगी होती, मराठीत कायम काठावर पास. लंपनच्या आठवड्यात ती वर्गाची मास्तरीण झाली. प्रती कमी पडत असतील तर बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे 1971पासूनचे जुने अंक ऑनलाइन मोफत ठेवलेत, त्यातली चार पानं छापून आणली तरी तास निघतो. भिलारच्या पुस्तकांच्या गावाला सहल न्या, असं कुणी सुचवेल. न्या, गाव छान आहे. पण मुलं तिथं आधी स्ट्रॉबेरी बघणार, हे गृहीत धरून न्या.

राहिले ते बागायतदार पालक. दिवाळीनंतर तासगावचा द्राक्षवाला औषधं मारण्याच्या मागं असतो, त्याला जेवायला सवड नसते. ढगाळ हवा दिसली की रात्रीची झोप जाते. तो माणूस मोटारसायकल काढून शाळेत आला, म्हणजे त्याची काळजी खरी आहे. त्याला अडाणी समजू नका आणि साहित्याचं महत्त्वही सांगू नका. त्याचं काही चुकलेलंही नाही, कादंबरीत प्रेम आहेच. नववीतल्या मुलाला जे वाटतं ते त्यात आहे, आणि आणीबाणीही आहे, शाळेतली दांडगाई आहे, बापाशी बोलता न येणं आहे. तुम्ही ते पानपानभर वाचून दाखवलंत तेव्हा वर्गात खिदळणं झालं असेल, त्यातलं एखादं वाक्य त्याच्या पोरानं घरी नेलं असेल. बाकीचं पुस्तक घरी गेलंच नाही.

म्हणून ते आता जाऊ द्या. कपाटातली प्रत कागदात गुंडाळा आणि स्वतः त्यांच्या घरी नेऊन द्या, मुलाबरोबर पाठवू नका. म्हणा, "दादा, तुम्ही वाचून सांगा. यातलं कुठलं पान पोरांपुढं वाचू नये असं वाटतं तिथं कोपरा दुमडा. मी ते वाचायच्या आधी तुमच्याशी बोलेन." चहा देतील, तो घ्या. ते वाचणार नाहीत अशी शक्यता आहे, आणि घरातलं दुसरंच कुणी वाचेल अशीही आहे. दहा दिवसांनी जाऊन प्रत घेऊन या. त्यांनी जी पानं दुमडली असतील ती वगळायचं आधीच कबूल करू नका, ती पानं त्यांच्यासमोर उघडून "कशावरून?" एवढंच विचारा. थोड्या नरम आवाजात.

माझ्या एका प्रतीचं असंच झालं होतं. ती परत आली तेव्हा शेवटच्या पंचवीस पानांपर्यंत एकही कोपरा दुमडलेला नव्हता, फक्त एका पानावर हळदीच्या बोटाचा ठसा होता. ते पान प्रेमाचं नव्हतं. तुमची प्रत आली की मला कळवा.